पाच पाकळ्यांचा शरद

(जुने शहर, अकोला येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्या बाईंनी या वस्तीतल्या कितीतरी मुलींच्या हातात पहिल्यांदा सुई दिली. मोर्णा नदीच्या काठी राजराजेश्वराच्या देवळाभोवतीच्या घरांत आजही एखादी पेटी उघडली, तर कुणाच्या तरी रुखवतात मांडलेला टेबलक्लॉथ निघतो आणि त्यावरची फुलं बाईंच्या नजरेखालून गेलेली असतात. त्यांच्या शिस्तीविषयी, मायेविषयी सांगायला माझ्यापेक्षा अधिकारी माणसं समोर बसली आहेत. मी त्यांच्या एकाच कामाविषयी बोलणार आहे. भुलाबाईच्या महिन्यात, म्हणजे शरदात, त्या वर्गाकडून एक गोल भरून घ्यायच्या. मधोमध एक फूल, त्याच्या भोवती फुलांचं कडं, त्याबाहेर पानं, आणि सगळे रंग त्या दिवसांत शेतात दिसतात तेच. आज अशा कामाला सगळीकडे मंडल म्हणतात. मीही तोच शब्द वापरते.

हा विषय निवडायला निमित्त झालं बाजारातल्या तयार छापांचं. भरतकामाच्या सामानाच्या दुकानात गेलात, तर शरदाच्या रंगातली मंडलं हल्ली सहज मिळतात. कापड, रिंग, दोऱ्याच्या लडी, सुई, सगळं एका पाकिटात. कापडावर छापलेली असतात मेपलची पानं, ओकची फळं, लाल भोपळे. रंग तांबूस, मोहरी, मरून. काम सुबक असतं, मुली मन लावून करतात, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण मेपलचं झाड आपल्या अकोल्यात कुणी पाहिलेलं नाही. ज्या पानाच्या शिरा कधी बोटाखाली आल्या नाहीत, ते पान भरताना हात छापाच्या रेषेवरूनच चालतो. रेषा चुकलेली असेल तर चुकीचंच भरतो, कारण ताडून पाहायला दुसरं काही जवळ नसतं.

मग आपला शरद कसा असतो? पानगळीचा तर नक्कीच नाही. आपल्याकडे साग, सालई, पळस यांची पानं झडतात ती थंडी सरताना. मेळघाटात माघ-फाल्गुनात गेलात तर डोंगर उघडेबोडके दिसतात. आश्विनात तेच डोंगर हिरवे असतात. संस्कृत कवींचा शरद तर पांढरा आहे. ‘ऋतुसंहारा’चा तिसरा सर्ग उघडून पाहा, काशाची फुलं, हंस, चांदणं, निवळलेलं पाणी, बहुतेक सगळं शुभ्र. थंड देशांतला लाल-पिवळा शरद त्या कवींना ठाऊक नव्हता, आणि आपल्या डोळ्यांनाही तो चित्रांतूनच माहीत आहे.

पण वऱ्हाडच्या शरदाला रंग नाही असं मात्र समजू नका. दसऱ्याचा झेंडू आहे, तुरीची पिवळी फुलं आहेत, त्यांच्या पाठीवर तांबड्या रेघा आहेत. आंबाडीचं फिकट पिवळं फूल आणि त्याचा गर्द लालसर गाभा आहे. ज्वारीच्या कणसाचा मोत्यासारखा रंग आहे. आणि या सगळ्यांपेक्षा जास्त जमीन व्यापून उभी असते ती पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. बाईंचा गोल तिथूनच सुरू व्हायचा.

कपाशीचं फूल आपण रस्त्यानं जाता-येता इतकं पाहतो की नीट पाहत नाही. अमेरिकन कपाशीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा दुधाळ पांढरं, किंचित पिवळसर असतं. त्याच दिवशी परागीभवन होतं, संध्याकाळपर्यंत पाकळ्या मिटायला लागतात. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी झालेलं असतं, त्यानंतर ते जांभळट लाल होतं, सुकतं आणि गळतं. मागं बोंड राहतं. म्हणजे एका झाडाजवळ एका सकाळी उभं राहिलात तर आजचं पांढरं, कालचं गुलाबी आणि परवाचं वाइनच्या रंगाचं अशी फुलं एकाच वेळी दिसतात. हा रंगाचा सगळा पट एका रोपाचा, दोन-तीन दिवसांतला. गावराणी देशी कपाशीचं फूल वेगळं, ते उमलतानाच पिवळं असतं आणि पाकळीच्या तळाशी लाल डाग असतो. शरदाच्या रंगाचं मंडल भरायला अकोल्याच्या मुलीला परदेशी झाडाकडे जायची गरज नाही, ते तिच्या काकाच्या वावरात रोज सकाळी उमलतं.

बाई फूल हातात द्यायच्या आणि विचारायच्या, “पाकळ्या किती?” मुली हसायच्या. पाच, हे कुणालाही दिसतं. पण त्याच मुली कागदावर गोल काढून पाकळ्या आखायला बसल्या की सहा काढायच्या. यात मुलींच्या डोळ्यांचा दोष नाही, कंपासचा गुण आहे. कंपास जेवढा उघडून वर्तुळ काढलं, तेवढ्याच मापानं परिघावर खुणा करत गेलं की बरोबर सहा भाग पडतात, काहीही मोजावं लागत नाही. सहा फुकट मिळतात. कागदाला घड्या घालत गेलं तर चार मिळतात, आठ मिळतात, सोळा मिळतात. ठिपक्यांच्या रांगोळीतही चार, सहा, आठ सहज येतात. पाच कुठूनच सहज येत नाहीत. म्हणून तुम्ही छापील मंडलं चाळलीत तर सहा पाकळ्यांची आणि आठ पाकळ्यांची फुलं ढीगभर सापडतील. त्यात कमळ खपून जातं, कारण त्याच्या पाकळ्या पुष्कळ असतात. पण कपाशी, भेंडी, आंबाडी, साधी एकेरी जास्वंद, ही एकाच कुळातली झाडं आहेत आणि चौघींच्या फुलाला पाकळ्या पाचच. सहावी पाकळी घातली की फूल कुणाचंच राहत नाही.

पाच भाग पाडायची बाईंची रीत साधी होती. वर्तुळाची त्रिज्या दहा सेंटिमीटर असेल तर कंपास पावणेबारा सेंटिमीटर उघडायचा आणि परिघावर खुणा करत जायचं, पाचव्या मापाला कंपास पहिल्या खुणेवर येऊन मिळतो. केसभर फरक उरला तर तो पाचांत वाटून टाकायचा. त्रिज्या कितीही असो, तिच्या एक पूर्णांक १७५६ दशहजारांश पट माप घेतलं की पाच भाग पडतात. हे भूमितीच्या तासाला शिकवतात का, ते मला सांगता यायचं नाही, पण शिवणाच्या तासाला आम्ही ते शिकलो आणि विसरलो नाही.

एवढ्यानं फूल होत नाही. आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते बाईंच्या शिकवण्यातली ही सगळ्यांत मोलाची. कपाशीच्या पाकळ्या एकमेकींशेजारी नुसत्या बसलेल्या नसतात. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर असते आणि दुसरी कड पलीकडच्या शेजारणीच्या खाली. कळी उघडण्याआधी त्या पिळलेल्या असतात, उमलल्यावरही तो पीळ राहतो. त्यामुळे फूल वरून पाहिलं तर फिरत असल्यासारखं वाटतं. काही फुलं घड्याळाच्या काट्यासारखी फिरतात, काही उलटी. आता आपण नक्षी कशी करतो? कागदाची घडी घालायची, अर्धं चित्र काढायचं, घडी उलटून दुसऱ्या बाजूला छापायचं. घडीनं मिळतं ते आरशातलं प्रतिबिंब, म्हणजे डावीकडे एक पाकळी उजवीकडे झुकलेली तर उजवीकडची डावीकडे झुकलेली. दोन्ही बाजू समोरासमोर येऊन थांबतात आणि फुलाचा पीळ मरतो. बाई घडी घालू देत नसत. एकच पाकळी बटरपेपरवर काढायची, मध्यबिंदूवर टाचणी टोचायची आणि कागद वर्तुळाच्या पाचव्या हिश्शाएवढा फिरवत पाच वेळा तीच पाकळी उतरवायची. घडी नाही, फिरवणं. फरक दिसायला अगदी बारीक आहे, पण एकदा लक्षात आला की छापील मंडलातलं फूल लगेच ओळखू येतं.

फुलाखाली पाहिलंत तर तीन हिरवी, दातेरी पानं कळीला कवटाळून असतात. शेतकरी कपाशीला पातं लागलं म्हणतात ते याच अवस्थेला. पाते, फूल आणि बोंड, तिन्ही अवस्थांत ही तीन पानं सोबत राहतात. म्हणजे तीनांवर पाच. आणि खोडावरची पानं मोजत वर गेलात तर एका पानाच्या बरोबर वर पुन्हा पान येतं ते आठव्या क्रमांकावर, खोडाभोवती तीन फेरे घेऊन. तीन, पाच, आठ. बाईंचा गोल याच हिशेबानं आखलेला असे: मधल्या मोठ्या फुलाच्या खाली तीन दातेरी पानं, त्याभोवती पाच फुलं, सगळ्यांत बाहेर आठ पानं. तीन, पाच आणि आठ एकमेकांशी जुळत नाहीत. गोलात एकच रेषा अशी निघते जिच्या दोन्ही बाजू साधारण सारख्या पडतात, बाकी कुठून पाहिलं तरी पान फुलाच्या समोर येत नाही, जरा बाजूला सरकतं. पहिल्यांदा करणाऱ्या मुलीला ते तिरकं वाटतं, ती पानं आठाची दहा करून फुलांशी जुळवून घ्यायला बघते. जुळवलं की गोल थिजतो. न जुळवता ठेवला की डोळा त्यात फिरत राहतो. हे मला फार सुंदर वाटतं आणि ते कुणी कल्पनेनं शोधलेलं नाही, रोपात मोजून सापडलेलं आहे.

मोजून काम करणाऱ्या बायकांची गोष्ट निघाली म्हणून एका परदेशी बाईचं नाव घेते. मेरी डिलेनी, जन्म १७०० सालचा, इंग्लंडातली. आधी तिनं दरबारी पोशाखांवर खऱ्याखुऱ्या वाटणाऱ्या फुलांचं भरतकाम केलं, आणि बहात्तराव्या वर्षी रंगीत कागद कापून, काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवून फुलं करायला घेतली. नजर साथ देईनाशी होईपर्यंत तिनं जवळजवळ एक हजार फुलं केली. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ती समोर खरं फूल ठेवून पुंकेसर मोजायची आणि तितकेच कापायची, म्हणून वनस्पतीशास्त्राचे जाणकारही तिच्या कामाला मान देत. शोभेचं काम आणि अचूक काम यांत वैर असतं असा आपल्याकडे एक समज आहे. डिलेनीबाईंच्या फुलांपुढे तो टिकत नाही.

गोल आकाराचं भरतकाम आपल्या देशात नवं नाही. हिमाचलातल्या चंब्याच्या रुमालावर रासमंडल भरतात, गोपींचं कडं, मध्ये कृष्ण, भोवती फुलझाडं, आणि टाका असा की रुमालाच्या दोन्ही बाजू सुलट दिसतात. लांब कशाला, १९९८ पर्यंत जो भाग अकोला जिल्ह्यातच होता त्या वाशीममध्ये पोहरादेवी आहे, आणि तिथं जमणाऱ्या बंजारा बायांच्या कांचळीवर म्हणजे चोळीवर, फेटियावर म्हणजे घागऱ्यावर, भिंगाभोवती टाक्यांची एकाबाहेर एक कडी असतात. लाल, पिवळी, निळी, मधे चमकणारं भिंग, काठाला कवड्या. कर्नाटकातल्या सांडूरच्या लंबाणी कामाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यांच्या एका टाक्याला सूर्यफुलाचंच नाव आहे. आपल्या तांड्यांवरचं काम त्याच घराण्यातलं, पण त्याची तशी नोंद व्हायची अजून बाकी आहे. या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या तरुणांनी तिकडे वळावं. मला तिथं तपशिलानं जाता येणार नाही, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

आता दोऱ्याबद्दल. आपण कापसाचं फूल भरतो ते कापसाच्याच दोऱ्यानं. दोऱ्याची लडी उलगडली तर त्यात सहा धागे असतात आणि ते वेगवेगळे करता येतात. त्या धाग्याला रेशमासारखी जी चकाकी असते तिच्यामागे लँकेशायरच्या जॉन मर्सर या कापड छापणाऱ्या माणसाचा शोध आहे. १८४४ च्या सुमारास त्यानं पाहिलं की कॉस्टिक सोड्यात बुडवलेलं सुती कापड आकसतं, बळकट होतं आणि रंग जास्त धरतं. पुढे होरेस लो यानं ते ताणून धरूनच सोड्यात बुडवायची युक्ती काढली, तेव्हा चकाकी आली. मर्सरच्या नावावरून अशा धाग्याला मर्सराइज्ड म्हणतात. याच लँकेशायरच्या गिरण्या अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसावाचून बंद पडायला आल्या होत्या, तेव्हा त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, अकोला तिच्या वाटेवर होतं, आणि आपला कापूस गाठी बांधून मुंबईला आणि तिथून जहाजानं परदेशी जाऊ लागला. लिव्हरपूलच्या बाजारात उमरावतीच्या, म्हणजे आपल्या अमरावतीच्या नावावरून तो ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जाई. त्याचा धागा आखूड आणि जाड, भरतकामाचा बारीक दोरा काही त्याचा होत नसे. त्याला लांब धाग्याचा कापूस लागतो, आजही लागतो. म्हणजे वऱ्हाडची मुलगी जे फूल भरते ते तिच्या शेतातलं असतं, दोरा मात्र बहुधा दुसऱ्याच मातीतल्या कापसाचा असतो. तरी हातात कापूसच असतो, आणि बाईंना तेवढं पुरे होतं.

रंग कसे घ्यायचे ते जरा सविस्तर सांगते, कारण इथंच काम बनतं किंवा बिघडतं. पाच फुलं एकाच रंगाची भरायची नाहीत. पहिलं आजचं, पाचवं गळायला आलेलं, मधली तीन वाटेवरची. पांढऱ्यापासून वाइनच्या रंगापर्यंत जायला गुलाबीच्या पाच छटा विकत घ्यायची गरज नाही. सुईत एकच धागा ओवायचा तिथं दोन ओवायचे, एक दुधाळ आणि एक गर्द. दोन्ही एकत्र टाक्यात पडले की लांबून तिसराच रंग दिसतो. पुढच्या फुलात एक गर्द, एक गुलाबी. मग दोन्ही गर्द. दोनदा बदललं की रंग चढत जातो आणि जोड कळत नाही. पाकळीला लांब-आखूड टाका, कडेकडून गळ्याकडे, पाकळीच्या पिळाप्रमाणे जरा वळवत. टाके सरळ, एकमेकांना समांतर पडले की पाकळी पत्र्याची दिसते. मधल्या पुंकेसरांना एका धाग्याचे बारीक गाठीचे टाके, दांड्याभोवती दाटीनं. सुई नऊ नंबरची. दातेरी पानाची कड काजटाक्यानं, कारण त्या टाक्याचे पाय दात्यांसारखे बाहेर येतात.

आणि पानं. पानांवर आलं की मला थांबावं लागतं, कारण वऱ्हाडात कपाशीच्या पानाचा लाल रंग ही कुणाला सुंदर वाटावी अशी गोष्ट नाही. कपाशीचं पान लाल पडतं त्याला आपण लाल्या म्हणतो. रात्री गार व्हायला लागल्या, झाडावर बोंडं लदलेली असली आणि जमिनीतला नत्र, मॅग्नेशियम कमी पडलं की पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग जांभळट लाल होतो, मग पान वाळतं. उत्पन्नाला फटका बसतो. थंड देशांतल्या मेपलचं पान ज्या रंगद्रव्यानं लाल होतं, त्याच अँथोसायनिन नावाच्या द्रव्यानं हे पान लाल होतं, आणि कपाशीचं फूलही त्यानंच गुलाबी होतं. पिवळा आणि लाल यांत एक फरक आहे. पानातला पिवळा आधीपासून असतो, हिरवा विरघळला की तो उघडा पडतो. लाल मात्र तेव्हा नव्यानं तयार होतो. म्हणून भरताना पिवळ्याचा थर आधी घालावा आणि लाल त्यावर विरळ टाक्यांनी चढवावा, खालचा पिवळा कुठंकुठं दिसत राहावा. शिरा हिरव्या ठेवून देठटाक्यानं शेवटी काढाव्या.

लाल्या पडलेलं पान मंडलात घ्यावं की नाही यावर वर्गात वाद झालेला मला आठवतो. शेतकऱ्याच्या घरच्या मुली नको म्हणत होत्या. त्यांच्या घरी त्या रंगाचा अर्थ वेगळा होता. मला वाटतं ते पान घ्यावं. शरदाचा रंग म्हणून मेपलचं पान भरायचं आणि आपल्या वावरातलं, त्याच रंगाचं, त्याच द्रव्यानं रंगलेलं पान वगळायचं, हे मला पटत नाही. पण घेणाऱ्या हातानं ते काय आहे हे जाणून घ्यावं. आठ पानांत दोन लाल असली तर ते शेताचं खरं चित्र होतं. आठही लाल भरली की ते शेत नसतं, नुसती सजावट असते.

याच वर्गातली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. एका मुलीनं फोटोवरून कपाशीची अर्धवट उमललेली कळी काढली होती. पाकळ्यांची टोकं एकत्र आलेली, गुलाबाच्या कळीसारखी गोंडस. वर्गाला आवडली, पाच फुलांत एक ही घ्यायची असं जवळजवळ ठरलं. तेवढ्यात दहीहंडा रस्त्याकडच्या खेड्यातून येणारी एक मुलगी उभी राहिली. “बाई, थे फूल नोका काढू. थे डोमकळी हाय. माझा बाबा असल्या कळ्या तोडून मातीत गाडते.” गुलाबी बोंडअळी कळीत शिरली की पाकळ्या आतून लाळेच्या धाग्यानं बांधल्या जातात, फूल उमलू शकत नाही, त्याला डोमकळी म्हणतात. शेतकरी ती वेचून नष्ट करतो, कारण प्रत्येक डोमकळीत एक अळी असते. २०१७ च्या खरिपात याच अळीनं विदर्भातल्या कपाशीचं किती नुकसान केलं ते इथं बसलेल्यांना सांगायला नको. बाईंनी त्या मुलीला फळ्यापाशी बोलावलं आणि डोमकळी कशी ओळखायची ते सगळ्या वर्गाला दाखवायला सांगितलं. मग नेहमीची उमलती कळी कशी असते तेही तिनंच काढून दाखवलं: तीन दातेरी पानांतून वर आलेला, पीळ दिसणारा पांढरा शेंडा. त्या वर्षीच्या सगळ्या गोलांत ती कळी आली.

भरतकाम शाळेत असावं की नसावं यावर अधूनमधून चर्चा होते. मुलींना सुई द्यायची म्हणजे त्यांना जुन्या चौकटीत ढकलायचं, असा एक आक्षेप आहे आणि तो हसून सोडून देण्याजोगा नाही. ज्या काळात मुलींना दुसरं काही शिकवलंच जात नव्हतं, त्या काळाचं ओझं त्या सुईवर आहे. पण वर सांगितलेल्या तासात भूमिती होती, वनस्पतीशास्त्र होतं, कीडशास्त्र होतं, आणि शेतातून आलेल्या मुलीचं ज्ञान वर्गात सगळ्यांत वर होतं. अशा तासाला मुलांनाही बसवा. अकोल्यात २० ऑक्टोबर १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं. देशी कपाशीचे आणि अमेरिकन कपाशीचे वाण तिथं तयार होतात, दोन्हींची फुलं एका आवारात पाहता येतात. शाळांच्या सहली दुसरीकडे जातात त्यातली एखादी तिकडे वळवली, तर मुलांना दोन फुलांतला फरक हातात घेऊन पाहता येईल. देशी कपाशीच्या बोंडाला बहुधा तीन-चार कप्पे असतात, अमेरिकन बोंडाला चार किंवा पाच. फुटलेलं बोंड वरून पाहिलं तर तेही एक पांढरं मंडल असतं. बाई त्याला गोलाच्या अगदी मध्ये जागा द्यायच्या नाहीत, फूल आणि बोंड एकत्र नको म्हणायच्या. मला मात्र पाच फुलांच्या मधल्या रिकाम्या जागांत फुटलेली बोंडं भरावीशी वाटतात. कपाशीच्या झाडावर फूल, हिरवं बोंड आणि फुटलेला कापूस एकाच वेळी असतात, तेव्हा कापडावर असायला हरकत काय? पांढऱ्यावर पांढरं कसं उठेल, हा प्रश्न खरा आहे. त्यासाठी कापड शुभ्र घेऊ नये. कोरा, ब्लीच न केलेला मांजरपाट घ्यावा. त्याचा रंग शुभ्र नसल्यानं पांढरा दोरा त्यावर उजळ दिसतो. बोंडाच्या पाकळ्यांसारख्या उघडलेल्या वाळक्या सालीला तपकिरी उलटी टीप द्यावी, म्हणजे कापूस सुटा होतो.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. लाल आणि मरून दोरा पहिल्या धुण्यात रंग सोडतो, आणि मांजरपाटावर सांडलेला लाल रंग पुन्हा निघत नाही. म्हणून भरायच्या आधीच लडी गार पाण्यात बुडवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावी. फडकं गुलाबी झालं तर पाणी स्वच्छ राहीपर्यंत लडी खळबळून वाळवावी आणि मगच सुईत ओवावी. मांजरपाटही आधी भिजवून घ्यावा, नाहीतर धुतल्यावर तो आकसतो आणि पाच पाकळ्यांचं फूल लंबगोल होतं.

ज्यांना हा गोल करायचा आहे त्यांच्यासाठी आखणीचे कागद बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. त्यावर एकच पाकळी, एक दातेरी पान आणि एक बाहेरचं पान आहे, बाकीचं टाचणीवर फिरवून काढायचं. रंग लिहिलेले नाहीत, ते शेतातून आणायचे. फुलं पाहायला जायचं तर सकाळी जा, आजचं फूल पांढरं असेपर्यंत. पहिल्या वेच्याआधी सीतादही व्हायचं असेल तर तो दहीभाताचा नैवेद्य होईपर्यंत शेताबाहेर थांबा. आणि वेचणी सुरू असेल तर वेचणाऱ्या बायांच्या ओळीत उभ्या राहू नका, त्यांची मजुरी किलोवर असते.